घरगुती मत्स्यालयातील प्रकाशयोजना

काचेच्या पेटीत मासे पाळण्याचा छंद अनेक घरांत व शाळांत आढळतो. परंतु मोठ्या हौसेने मांडलेल्या मत्स्यालयातील वनस्पती काही आठवड्यांतच पिवळ्या पडतात, अथवा काचेवर हिरव्या शेवाळाचा थर चढतो, असा अनुभव पुष्कळांना येतो. पहिल्या प्रकारात बहुधा प्रकाश अपुरा असतो, तर दुसऱ्यात तो गरजेहून अधिक असतो. हे दोष महागडी उपकरणे विकत न घेताही दूर करता येतात. मात्र त्यासाठी प्रकाशाचे कार्य प्रथम समजून घेतले पाहिजे.

यान इंगेनहाउझ या डच शास्त्रज्ञाने १७७९ मध्ये असे दाखवून दिले की, पाण्यात बुडवलेली हिरवी पाने सूर्यप्रकाशात प्राणवायूचे बुडबुडे सोडतात, अंधारात मात्र सोडीत नाहीत. रात्री वनस्पतीही माशांप्रमाणेच पाण्यातील प्राणवायू वापरतात. म्हणूनच दाट वनस्पती असलेल्या पेटीतील मासे कधीकधी पहाटे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसतात. मत्स्यालयातील प्रकाश ही केवळ शोभेची बाब नसून तिचा माशांच्या श्वासाशी निकट संबंध आहे, हे यावरून ध्यानात येईल.

पेटी खिडकीत ठेवून सूर्यप्रकाश फुकट मिळवावा, हा विचार सहज सुचतो. पण उन्हाने पाणी तापते, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंश सेल्सियस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो; ३० अंशांवर तो साडेसात मिलिग्रॅमवर येतो. शिवाय प्रखर उन्हात शेवाळ झपाट्याने वाढते. तेव्हा पेटी उन्हापासून दूर ठेवून विजेचा दिवा वापरणे श्रेयस्कर होय.

हा दिवा कोणता असावा? तारेच्या जुन्या दिव्यात विजेचा बहुतेक भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. ६० वॅटचा असा दिवा रोज ८ तास जाळल्यास ३० दिवसांत १४.४ युनिट वीज लागते. जवळजवळ तेवढाच प्रकाश देणारा ९ वॅटचा एलईडी दिवा त्याच काळात २.१६ युनिट वीज घेतो. असे दिवे आता साध्या दुकानातही मिळतात. केवळ मत्स्यालयासाठी म्हणून विकला जाणारा दिवाच हवा, असे नाही.

वनस्पतींतील हरितद्रव्य मुख्यतः तांबडा व निळा प्रकाश शोषून घेते. पांढऱ्या दिव्याच्या प्रकाशात हे दोन्ही रंग असतात. ६५०० केल्विन असे लिहिलेला दिवा या कामी चांगला उपयोगी पडतो. आता प्रमाणाचा विचार करू. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच अशा पेटीत ५४ लिटर पाणी मावते. ९०० ल्युमेनचा एक दिवा तिला लिटरमागे सुमारे १७ ल्युमेन प्रकाश देतो. व्हॅलिसनेरियासारख्या साध्या वनस्पतींना तेवढा प्रकाश सामान्यतः पुरतो. ल्युमेन हे मानवी नेत्राच्या संवेदनेवर आधारलेले माप असल्याने हा हिशेब अर्थात स्थूलच समजावा.

नवा दिवा घेण्यापूर्वी असलेल्या प्रकाशाचा अपव्यय थांबवावा. उघड्या दिव्याचा प्रकाश चहूकडे फाकतो व त्याचा मोठा भाग पाण्यापर्यंत पोहोचतच नाही. दिव्यावर आतून शुभ्र रंग दिलेले छत बसवल्यास तो खाली परावर्तित होतो. छताला हवा खेळण्यासाठी छिद्रे असावीत, कारण उष्णता कोंडल्यास एलईडी दिव्याचे आयुष्य घटते. झाकणाच्या काचेवर साचलेले क्षारांचे पांढरे डागही वरचेवर पुसून काढावेत.

दिवा रोज ठरलेल्या वेळी ८ तास लावणे पुरेसे असते. वनस्पतींचे देठ लांबट व पाने विरळ होऊ लागली, तर प्रकाश वाढवावा. शेवाळ वाढू लागले, तर वेळ तासाभराने कमी करावा. एका वेळी एकच बदल करून दोन आठवडे परिणाम पाहावा. घाईने अनेक बदल केल्यास खरे कारण हाती लागत नाही.

काटकसर करताना सुरक्षिततेत मात्र कसूर होता कामा नये. दिवा व पाणी यांच्यामध्ये काचेचे झाकण असावे. वायर खटक्याच्या पातळीखाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी खटक्यात न शिरता खाली ठिबकते. उघड्या तारांजवळ धातूचा कागद लावू नये, आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी वीज बंद करावी. विजेची जोडणी जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावी.

एक साधा दिवा, एक पांढरे छत आणि रोजचे निरीक्षण, एवढ्या सामग्रीवर लहान मत्स्यालय उत्तम राखता येते. पानांवर प्राणवायूचे बारीक बुडबुडे चमकू लागले, म्हणजे इंगेनहाउझने पाहिलेली घटना आपल्याच घरी घडत आहे, हे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष पाहता येईल.