दुबईची नोकरी आणि मूळ वेतनाचा आकडा

व्यापारी घराण्यांतून दुबईला जाणारा तरुण पूर्वी बहुधा माल घेऊन जात असे. आता तो पदवी घेऊन जातो. कोणी देरा भागातील सोन्याच्या बाजारात हिशेबनीस म्हणून लागतो, कोणी अल्मास टॉवरमधील हिऱ्यांच्या कचेरीत, कोणी धान्य-मसाल्याच्या आयातदाराकडे. नोकरी बहुतेक वेळा ओळखीतूनच मिळते. मामांचे व्याही, आजोळच्या गावचे शेठ, समाजातील एखादे प्रतिष्ठित गृहस्थ शब्द टाकतात आणि महिन्याभरात मुलगा विमानात बसतो. घरात चर्चा होते ती एकाच आकड्याची : पगार किती दिरहॅम? त्या पगारातील मूळ वेतन किती, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारते. पेढीवर आलेल्या बिलातील वटाव, हमाली आणि अडत वेगवेगळी तपासणाऱ्या घरांत असे व्हावे, ही नवलाची गोष्ट आहे.

संयुक्त अरब अमिरातीत खासगी नोकरीचे नियम २०२१ च्या संघीय कायदा क्रमांक ३३ ने ठरतात. तो २ फेब्रुवारी २०२२ पासून अमलात आला आणि पुढे त्यात दुरुस्त्याही झाल्या. दुबई आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्र आणि अबू धाबी ग्लोबल मार्केट या दोन वित्तीय क्षेत्रांचे स्वतंत्र कायदे आहेत. हिऱ्यांच्या व्यापाराचे मुक्त क्षेत्र धरून बाकी बहुतेक ठिकाणी हाच कायदा चालतो.

या कायद्यानुसार कामगाराला नोकरी सुटताना मिळणारे उपदान मूळ वेतनावर मोजले जाते. पहिल्या पाच वर्षांसाठी प्रतिवर्षी २१ दिवसांचे आणि त्यापुढे प्रतिवर्षी ३० दिवसांचे मूळ वेतन, एकूण रक्कम दोन वर्षांच्या वेतनापेक्षा अधिक नाही, असा हिशेब आहे. समजा, दोन तरुणांना दरमहा सारखेच ६,००० दिरहॅम मिळतात. एकाच्या करारात मूळ वेतन ४,२०० आणि उरलेले भत्ते. दुसऱ्याच्या करारात मूळ वेतन केवळ २,४०० आणि घरभाडे, प्रवास, इतर अशा नावांनी ३,६००. पाच वर्षांनी पहिल्याच्या हाती १४,७०० दिरहॅम उपदान येईल, तर दुसऱ्याच्या हाती ८,४००. दोघांनी काम सारखेच केलेले असेल.

फरक येथेच थांबत नाही. जादा कामाचा मोबदला मूळ वेतनाच्या सव्वापट, रात्री १० ते पहाटे ४ या वेळेत दीडपट. न घेतलेल्या रजेचे पैसे नोकरी सुटताना मिळतात, तेही मूळ वेतनाच्या दराने. जानेवारी २०२३ पासून सक्तीच्या झालेल्या बेरोजगारी विम्यात, किमान बारा महिने वर्गणी भरली असेल आणि नोकरी स्वतः सोडलेली नसेल, तर जास्तीत जास्त तीन महिने मूळ वेतनाच्या ६० टक्के रक्कम मिळते. म्हणजे अडचणीच्या काळात दुसऱ्या तरुणाला महिन्याला १,४४० दिरहॅमवर भागवावे लागेल. दुबईत तेवढ्यात नीट राहण्याची जागाही मिळणे कठीण. या विम्याची वर्गणी १६,००० दिरहॅमपर्यंतच्या मूळ वेतनाला महिना ५ दिरहॅम इतकी अल्प आहे. विमाच न घेतल्यास दंड मात्र ४०० दिरहॅमचा होतो.

मूळ वेतनाची मागणी जाण्यापूर्वीच करता येते, कारण आधी नियुक्तीचा प्रस्ताव सही करून द्यावा लागतो आणि नंतरचा करार त्या प्रस्तावापेक्षा कामगाराच्या तोट्याचा असू शकत नाही. प्रस्ताव अरबी व इंग्रजीबरोबर हिंदीतही उपलब्ध होऊ शकतो. तो घरातील वडीलधाऱ्यांनी वाचावा. मुलाने विमानतळावर घाईने वाचण्याचा तो कागद नव्हे.

अडचण वेगळीच असते. मालक आपल्यातले. त्यांच्याकडे कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, अशी भावना घरात असते, आणि मुलगा तर अवाक्षर काढू शकत नाही. ‘काका, मूळ वेतन किती धरले आहे?’ एवढे विचारण्याचे काम खरे तर शब्द टाकणाऱ्या मध्यस्थाचे आहे. सोयरीक जुळवताना देण्याघेण्याच्या गोष्टी तो स्पष्ट बोलतो. येथे गप्प राहण्याचे कारण नाही. भला मालक अशा प्रश्नाने दुखावत नाही. शिवाय करार सरकारदरबारी नोंदवला जातो आणि वेतन बँकांमार्फत वेतन-संरक्षण प्रणालीतून द्यावे लागते, त्यामुळे ‘कागदावर इतके, हातात तितके’ ही पद्धत मालकालाही जड जाते.

या आपलेपणातूनच सर्वांत मोठी चूक घडते : मुलाला पर्यटक व्हिसावर बोलावून ‘तोवर दुकानात बस, काम शीक’ असे सांगणे. परवान्याशिवाय गल्ल्यावर बसणे हे तेथे बेकायदेशीर काम ठरते, मग मालक सख्खा चुलता का असेना. २०२४ च्या दुरुस्तीनंतर अशा मालकाला किमान एक लाख आणि कमाल दहा लाख दिरहॅम दंड होऊ शकतो. व्हिसाचा किंवा भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करणे आणि त्याचे पारपत्र मालकाने स्वतःकडे ठेवणे, या दोन्ही गोष्टींना कायद्याची मनाई आहे. ‘तिजोरीत सुरक्षित राहील’ ही सबब कितीही प्रेमाने सांगितली तरी पारपत्र ज्याचे त्याच्याकडेच असावे.

कामाचे तास दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८. रमजानमध्ये रोज दोन तास कमी. परीक्षाकाळ सहा महिन्यांपेक्षा लांबवता येत नाही. त्या काळात मालकाने काढायचे ठरवले तर १४ दिवसांची, आणि कामगाराला तेथेच दुसरी नोकरी धरायची असेल तर एक महिन्याची सूचना लागते. आजारपणाची रजा परीक्षाकाळानंतर वर्षाला ९० दिवस, त्यांपैकी पहिले १५ पूर्ण वेतनाचे, पुढील ३० अर्ध्या वेतनाचे. मुलींसाठी प्रसूतीची रजा ६० दिवसांची आहे.

वार्षिक रजा एका वर्षाच्या सेवेनंतर ३० दिवस, पण तिच्या तारखा कामाच्या सोयीने ठरवण्याचा अधिकार मालकाचा आहे. पर्युषणाला किंवा घरच्या लग्नाला यायचे असेल तर वर्षाच्या आरंभीच सांगून ठेवणे बरे. लग्नासाठी आलेला मुलगा ‘आता आलाच आहे तर मुंज उरकून जाईल’ असा थांबवून घेतला जातो. तिकडे सबळ कारणाशिवाय सलग सात दिवसांहून अधिक गैरहजेरी हे सूचना न देता कामावरून काढण्याचे कारण ठरते, हे मांडवातल्या कोणाच्या ध्यानात नसते.

रोजच्या जगण्यात शाकाहारी माणसाचे हाल होतील ही भीती आता निराधार आहे. बर दुबईतील मीना बाजार आणि करामा या भागांत गुजराती-राजस्थानी भोजनालये व किराणा दुकाने भरपूर आहेत. काळजी घ्यायची ती सामान बांधताना. खसखस तेथे अमली पदार्थांच्या बंदीत येते. अनारशांवर लावलेली, मसाल्यात वाटलेली किंवा ठंडाईच्या पुडीतली खसखस आईने मायेने दिली तरी ती मुलाला कस्टमच्या चौकशीत अडकवू शकते. कोडीन असलेली खोकल्याची औषधे, ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या व झोपेची औषधे यांसाठी तेथील आरोग्य खात्याची पूर्वपरवानगी आणि डॉक्टरांची चिठ्ठी हवी.

दुसरी सावधगिरी दानाची. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर जीवदयेचे किंवा जीर्णोद्धाराचे आवाहन सहज पुढे पाठवले जाते. तेथे परवानाधारक संस्थांखेरीज कोणालाही वर्गणी गोळा करता येत नाही; समाजमाध्यमावरील आवाहनदेखील गुन्हा ठरू शकते. येथील समूहातील निधीचे संदेश तेथे राहणाऱ्या मुलाने पुढे पाठवू नयेत, आणि घरच्यांनीही त्याला ‘तिथल्या मंडळींकडून गोळा कर’ असे सांगू नये.

घराचे भाडे बहुधा पुढच्या तारखांच्या धनादेशांनी आगाऊ द्यावे लागते. भाडेकरार ‘इजारी’त नोंदलेला असणे आवश्यक. वीज-पाण्यासाठी सदनिकेला २,००० दिरहॅम अनामत असते, आणि वार्षिक भाड्याच्या पाच टक्के गृहशुल्क त्याच बिलातून हप्त्यांनी वसूल होते. पहिल्या महिन्यात म्हणूनच हाती बरी रक्कम लागते. ती घरून न्यावी, मालकाकडून उचल घेऊन नव्हे.

वेतन किंवा उपदान थकले तर दाद मागता येते. नोकरी संपल्यावर १४ दिवसांत सर्व देणी चुकती करणे मालकावर बंधनकारक आहे. ५०,००० दिरहॅमपर्यंतच्या तंट्याचा निर्णय मनुष्यबळ मंत्रालय स्वतः देऊ शकते, आणि नोकरी संपल्यापासून दोन वर्षांपर्यंत दावा जिवंत राहतो. दुबईतील भारतीय वाणिज्य दूतावासाचे प्रवासी भारतीय सहायता केंद्रही मार्गदर्शन करते.

राहिला येथील खात्यांचा विषय. नोकरीसाठी परदेशी गेलेल्या माणसाचे साधे बचत खाते साधे राहत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ खात्यात बदलून घ्यावे लागते. दुबईहून येणारे वेतन त्यात टाकू नये. त्यासाठी एनआरई खाते उघडावे, कारण त्यावरील व्याज प्राप्तिकरमुक्त आहे आणि रक्कम केव्हाही परत नेता येते. एनआरओ ठेवीच्या व्याजावर मात्र ३० टक्के दराने, शिवाय उपकरासह, कर आधीच कापला जातो. अनिवासी म्हणून नवे पीपीएफ खाते उघडता येत नाही; जुने मुदतीपर्यंत चालते. तेथे प्राप्तिकर नाही हे खरे, परंतु भागीदारी पेढीतील मानधन, गाळ्यांचे भाडे, व्याज वगैरे मिळून ज्याचे भारतातील उत्पन्न १५ लाख रुपयांहून अधिक आहे, त्याला येथील कायदा निवासी मानू शकतो. मोठ्या पेढीतील मुलाने जाण्यापूर्वी सनदी लेखापालाशी बोलून घ्यावे.

पुष्कळ घरांत मुलगा जाताना सह्या केलेले कोरे धनादेश वडिलांच्या स्वाधीन करतो आणि जुने बचत खाते पूर्वीसारखेच चालू राहते. त्याऐवजी एनआरओ खात्यासाठी वडिलांच्या किंवा भावाच्या नावे मुखत्यारपत्र करून बँकेत नोंदवावे. स्थानिक देणी त्यावर रीतसर चालतात. निघण्यापूर्वी एका दुपारी होणारे हे काम आहे. तेथे गेल्यावर त्याच मुखत्यारपत्रासाठी दूतावासाची वेळ घ्यावी लागते आणि बहुधा एक दिवसाची रजाही मोडावी लागते.