चौथ्या दिवशीचा आकडा

चिखली-खामगाव रस्त्यावरचं अमडापूर बल्लाळदेवीच्या मंदिरामुळे पंचक्रोशीला ठाऊक आहे. इथल्या माणसाला जठराचा कर्करोग झाला, की ऑपरेशनसाठी गाव सोडावं लागतं. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय सव्वाशे किलोमीटरांहून लांब, नागपूर तीनशेच्या पुढे आणि मुंबईचं टाटा रुग्णालय त्याहून दूर. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेमुळे शस्त्रक्रियेच्या खर्चाचा भार हलका होतो, पण अंतर कमी होत नाही. त्यामुळे ऑपरेशन झालं, की घरचे विचारतात, ‘डॉक्टरसाहेब, सुट्टी कधी?’ याचं सुरक्षित उत्तर शोधायला रक्ताची एक साधी तपासणी मोठी मदत करते.

व्हिएन्नाच्या थिओडोर बिलरोथ यांनी 29 जानेवारी 1881 रोजी कर्करोगानं ग्रासलेला जठराचा भाग प्रथमच यशस्वीपणे काढला. ती रुग्ण शस्त्रक्रियेतून वाचली, मात्र काही महिन्यांनी कर्करोगानंच दगावली. आज जठराबरोबर भोवतालच्या लसिकाग्रंथीही काढतात. या ‘डी-2’ शस्त्रक्रियेचा अनुभव टाटा रुग्णालयाच्या डॉ. शैलेश श्रीखंडे आणि सहकाऱ्यांनी 2006 साली जगापुढे मांडला. तरीही हे ऑपरेशन मोठंच. जठर काढल्यावर अन्ननलिका किंवा उरलेलं जठर लहान आतड्याला जोडतात. हा जोड गळला, स्वादुपिंडाचा रस पाझरला, पोटात पू झाला किंवा न्यूमोनिया झाला, तर जिवावर बेतू शकतं. ताप, पोटदुखी, धाप ही लक्षणं दिसेपर्यंत मोलाचा वेळ निघून गेलेला असतो.

रक्त मात्र अनेकदा आधी बोलतं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना 1930 साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात एक पदार्थ सापडला. तोच आजचा सीआरपी, म्हणजे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन. शरीरात दाह झाला, की यकृत ते झपाट्यानं तयार करतं. निरोगी माणसात ते साधारणपणे लिटरमागे 10 मिलिग्रॅमपेक्षा कमी असतं. ऑपरेशन हीही शरीराला झालेली जखमच, त्यामुळे सगळं सुरळीत असलं तरी सीआरपी चढतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखर गाठतं. दाह शमू लागला, की यकृत ते बनवणं कमी करतं आणि रक्तातलं प्रमाण सुमारे 19 तासांत निम्मं होतं. म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी आकडा उतरणीला लागायला हवा. तो दीडशेच्या आसपास अडून राहिला किंवा पुन्हा चढला, तर डॉक्टर सावध होतात. गरजेनुसार सीटी स्कॅन करतात, पोटात ठेवलेल्या नळीतून येणारं पाणी तपासायला पाठवतात.

या तपासणीचं खरं बळ धीर देण्यात आहे. आकडा चढला म्हणजे जोड गळलाच, असं नाही. छातीतला संसर्गही तो चढवतो. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो नीट उतरला असेल आणि रुग्णाची तब्येतही चांगली असेल, तर मोठी गुंतागुंत असण्याची शक्यता बरीच कमी होते. शेकडो किलोमीटरवर राहणाऱ्या रुग्णाला सुट्टी देताना ही खात्री फार मोलाची असते.

ऑपरेशनपूर्वीचं रक्तही काही सांगतं. सीबीसी या रक्तपेशींच्या साध्या तपासणीतल्या न्यूट्रोफिल पेशींच्या संख्येला लिम्फोसाइट पेशींच्या संख्येनं भागलं, की ‘एनएलआर’ मिळतो. तो वाढलेला असणं आणि रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन डेसिलिटरमागे 3.5 ग्रॅमच्या खाली असणं, या दोन्ही गोष्टी शरीर दाहानं आणि कुपोषणानं थकल्याच्या खुणा आहेत. अशा रुग्णांत गुंतागुंतीचं प्रमाण जास्त आढळतं. जठराच्या कर्करोगात भूक मरते, वजन घटतं. म्हणून ऑपरेशनपूर्वी आहाराकडे लक्ष देणं हा उपचाराचाच भाग आहे.

एकाच आकड्यावर निकाल लावता येत नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर सीआरपी कमी चढतं, स्टेरॉइडमुळे ते दबतं, यकृताच्या आजारात पुरेसं बनत नाही. एककही पाहावं लागतं: काही लॅब लिटरमागे आकडा देतात, काही डेसिलिटरमागे. लिटरमागचे 150 म्हणजे डेसिलिटरमागचे 15. दोन ठिकाणचे रिपोर्ट शेजारी ठेवताना एवढ्यानंही मोठा घोटाळा होऊ शकतो.

अमडापुरातल्या आणि तशाच दूरच्या प्रत्येक गावातल्या कुटुंबांना म्हणूनच कळकळीची विनंती आहे. सुट्टी घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा, ‘सीआरपी उतरतंय ना?’ सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावा आणि वॉर्डाचा फोन नंबर जवळ ठेवा. घरी आल्यावर ताप, वाढती नाडी, धाप, पोटदुखी किंवा जखमेतून घाण पाणी, यांपैकी काहीही दिसलं तर गावात सलाइन लावून दोन दिवस वाट पाहू नका. त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या रुग्णालयाला फोन करा. वेळेवर ओळखलेली गुंतागुंत बहुतेक वेळा आटोक्यात आणता येते.