बारा निबंध, सहा लेखक

'डिप्लोमॅटिक इन्व्हेस्टिगेशन्स' हा निबंधसंग्रह १९६६ मध्ये लंडनच्या जॉर्ज ॲलन अँड अनविन या संस्थेने प्रकाशित केला. संपादक दोन : इतिहासकार हर्बर्ट बटरफिल्ड आणि मार्टिन वाइट. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासात पुढे 'इंग्लिश स्कूल' म्हणून गाजलेल्या विचारपरंपरेची पायाभरणी या ग्रंथाने केली. विषय ठरवून लेखकांना पत्रे धाडायची आणि मुदतीत लेख गोळा करायचे, ही संपादित ग्रंथाची नेहमीची रीत. इथे क्रम उलटा होता. चर्चा आधी झाली, पुस्तक मागाहून सुचले.

या चर्चेला पैसा पुरवला रॉकफेलर फाउंडेशनने. फाउंडेशनचे केनेथ थॉम्पसन यांनी अमेरिकेत असाच एक अभ्यासगट जमवला होता. ब्रिटनमध्येही तसा गट असावा म्हणून त्यांनी बटरफिल्डना गळ घातली. या गटाची, म्हणजेच 'ब्रिटिश कमिटी'ची, पहिली बैठक जानेवारी १९५९ मध्ये केंब्रिजच्या पीटरहाउस कॉलेजात भरली. बटरफिल्ड तिथले प्रमुख होते. सदस्य निवडताना विद्यापीठातल्या विभागांची चौकट पाळली गेली नाही. इतिहासकार, तत्त्वज्ञ, परराष्ट्र सेवेतले ॲडम वॉटसन, अर्थखात्यातले अधिकारी असे सगळे एका टेबलाभोवती आले. ई. एच. कार यांच्यासारख्या दिग्गजाला मात्र आमंत्रण नव्हते. पाहुणे कोण नकोत हेही यजमानच ठरवतात!

वर्षातून काही शनिवार-रविवार बैठका होत. सदस्याने टिपण लिहायचे, ते आधीच सर्वांच्या हाती द्यायचे, मग त्यावर मनसोक्त वाद घालायचा. पुस्तकातले बरेच निबंध या टिपणांतूनच आकाराला आले. वाइट यांचा सर्वांत प्रसिद्ध निबंध मात्र १९६० मध्येच एका नियतकालिकात आला होता. राज्यसंस्थेविषयी प्लेटोपासून एवढे चिंतन झाले, मग राष्ट्राराष्ट्रांतील संबंधांविषयी त्या तोडीचा सिद्धांत का नाही, हा त्यातला प्रश्न.

बारा निबंध सहाच लेखकांचे आहेत. वाइट यांचे तीन; बटरफिल्ड, हेडली बुल, मायकेल हॉवर्ड आणि जी. एफ. हडसन यांचे प्रत्येकी दोन, आणि नैसर्गिक कायद्यावर डोनाल्ड मॅकिनन यांचा एक. गंमत म्हणजे दोन्ही संपादकांनी 'सत्तासमतोल' या एकाच शीर्षकाखाली स्वतंत्र निबंध लिहिले आणि ते दोन्ही छापले. आजचा एखादा प्रकाशक यावर नक्की हरकत घेईल. पण एकमत घडवून आणण्यापेक्षा मतभेद शेजारी-शेजारी ठेवणे संपादकांना पसंत होते, आणि ते योग्यच झाले. अधिक खटकते ती दुसरी बाब : सगळे लेखक ब्रिटनमधल्या विद्यापीठांशी निगडित, सगळे पुरुष, आणि वसाहती भराभर स्वतंत्र होत असताना आशिया-आफ्रिकेतला एकही लेखक नाही.

ही उणीव थोडीफार भरून निघाली ती बुल आणि वॉटसन यांनी संपादित केलेल्या 'द एक्स्पान्शन ऑफ इंटरनॅशनल सोसायटी' (१९८४) या ग्रंथात. युरोपीय राज्यव्यवस्था जगभर कशी पसरली हा त्याचा विषय. लेखकही दूरदूरचे : केनियाचे अली मझरुई आफ्रिकेवर लिहितात, तर गोपाल कृष्ण भारतावर. वाइट १९७२ मध्येच वारले होते. बुल १९८५ मध्ये गेले आणि कमिटीचे कामही त्याच सुमारास थांबले. १९८४च्या मांडणीची फेरतपासणी टिम डन आणि ख्रिश्चन रॉइस-स्मिट यांनी २०१७ मध्ये नव्या संपादित ग्रंथातून केली. मूळ १९६६चे पुस्तक इयन हॉल आणि डन यांच्या प्रस्तावनेसह २०१९ मध्ये पुन्हा छापले गेले.