मळीचा भाव कोण ठरविणार?

कृष्णाकाठी गाळप हंगाम सुरू झाला की चर्चा होते ती उसाच्या दराची. मळीकडे शेतकऱ्याचे सहसा लक्ष जात नाही. वास्तविक एक टन ऊस गाळला की सुमारे ४० किलो मळी उरते आणि टनभर मळीपासून सव्वादोनशे लिटरच्या आसपास अल्कोहोल निघते. सातारा जिल्ह्यातील रेठऱ्याचा कृष्णा कारखाना असो, सांगलीकडील वसंतदादा किंवा राजारामबापू असो, साखरेच्या जोडीला आसवनी आलीच.

मळीतील साखरेचे अल्कोहोल यीस्ट करते. जीवाणूंचे खरे काम त्यानंतरचे. लिटरभर अल्कोहोलमागे दहा-बारा लिटर तपकिरी सांडपाणी उरते. हवाबंद टाकीत काही जीवाणू त्यातील सेंद्रिय द्रव्यांची आम्ले करतात व दुसरे सूक्ष्मजीव त्या आम्लांपासून मिथेन वायू बनवितात. तो बॉयलरखाली जळतो. हेच पाणी नदीत गेले तर मात्र त्यातील द्रव्ये कुजताना प्राणवायू संपतो आणि मासे तडफडून मरतात. जीवाणूंकडून रसायने करवून घेणे नवे नाही. पहिल्या महायुद्धात वाइझमन यांच्या पद्धतीने ब्रिटनने दारूगोळ्यासाठी ॲसिटोन मिळविले. पुढे त्या धंद्यात मळीही वापरली गेली. स्वस्त खनिज तेलाने तो बसविला.

आता प्रश्न हिशेबाचा. रंगराजन समितीच्या २०१२ च्या अहवालानंतर महाराष्ट्राने २०१३ साली ऊसदराचा कायदा केला. साखर आणि प्राथमिक उपउत्पादने यांच्या उत्पन्नातील ७० टक्के वाटा उसाला, हे त्यामागील सूत्र. सारी मेख ‘प्राथमिक’ या शब्दात आहे. मळी प्राथमिक, तिच्यापासून झालेले इथेनॉल नव्हे. कारखाना आणि आसवनी एकाच मालकीची असली, म्हणजे मळी एका हातातून दुसऱ्या हातात जाते. तिचा भाव कमी धरला, तर नफा आसवनीच्या खात्यात सरकतो आणि उसाच्या वाट्याला येत नाही.

आसवनीचे कर्ज कारखान्याच्या डोक्यावर आहे, जोखीमही त्याचीच, हे खरे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाचा रस व बी-हेवी मळी इथेनॉलकडे वळविण्यावर निर्बंध घातले; ते ऑगस्ट २०२४ मध्ये उठले. एवढ्या काळात व्याज काही थांबले नाही. तथापि सहकारात मालक सभासदच. कर्ज बुडाले तरी भुर्दंड त्यालाच. नुसता ऊस घालणाऱ्या बिगर-सभासदाला तर तोही मान नाही! तेव्हा वार्षिक सभेत अहवाल मंजूर करण्यापूर्वी एवढे तरी विचारावे, की आसवनीने मळी कोणत्या दराने घेतली आणि त्याच महिन्यात बाहेर तिचा दर काय होता?