चार ओळींचा शिक्का

परकीय व्यापाराच्या टेबलावर माझी बरीच वर्षं गेली. सूत, बेदाणे, हळद, सगळं माझ्या हाताखालून गेलं; डोळ्यांनी पाहिलं मात्र काहीच नाही. एलसीचा, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिटचा कारभारच तसा. बँकेचा संबंध कागदाशी, मालाशी नाही. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय चेंबर ऑफ कॉमर्सनं 1933 साली पहिल्यांदा काढलेल्या एलसीच्या नियमांची आजची आवृत्ती म्हणजे यूसीपी 600. तिचं पाचवं कलम हेच सांगतं.

इचलकरंजीचा एक तरुण सूत निर्यातदार एकदा समोर बसला होता. गिऱ्हाईक बांगलादेशातलं. तिथल्या बँकेनं एलसी उघडून लिहून दिलेलं, की आम्ही सांगितलेले कागद बिनचूक आणा, 120 दिवसांनी पैसे आम्ही देऊ. मग गिऱ्हाईक बुडो की तरो. या शब्दावर भिस्त ठेवून त्यानं कंटेनर न्हावा शेव्याहून चितगावला पाठवला होता.

पट्टी ठेवून ओळ न् ओळ तपासायला लागलो. इन्व्हॉइसवर एके ठिकाणी ‘यार्न’चं ‘यार्म’ झालेलं. त्याचा चेहरा पडला. ते चालतं. अर्थ बदलत नाही अशी टायपिंगची चूक डिस्क्रेपन्सी, म्हणजे कागद नाकारण्याजोगी चूक, धरत नाहीत. सुताच्या जाडीचा आकडा 30 काउंटचं 03 झालं असतं, तर गाठ होती.

मग बिल ऑफ लेडिंग, जहाज कंपनीनं दिलेली मालाची पावती. तिन्ही मूळ प्रती होत्या, ‘टू ऑर्डर’ तिकडच्या बँकेच्या नावानं. म्हणजे बँकेनं पाठीवर सही करून कागद सोडल्याशिवाय गिऱ्हाइकाला कंटेनर हलवता येणार नाही. खाली कोपऱ्यात निळ्या शाईचा चार ओळींचा शिक्का: माल जहाजावर चढला, 1 डिसेंबर. एलसीच्या 44 सी रकान्यात माल चढवायची शेवटची तारीख 30 नोव्हेंबर.

“गाडी पंचवीसलाच गिरणीतनं सुटली की हो, साहेब!”

सुटली असेल. कंटेनर बंदराच्या आवारात जहाजाची वाट बघत बसला, त्याला कोण काय करणार? मोजायची ती जहाजावर चढल्याची तारीख. “जहाजाचा एजंट म्हणतोय, शिक्का बदलून देतो,” तो आवाज खाली आणून म्हणाला. मी चष्मा काढून ठेवला. त्याचा तोच गप्प झाला.

तारीख वाढवून घ्यायची ती माल चढण्याआधी. आता कागद गिऱ्हाइकाच्या मंजुरीवर पाठवणं एवढंच उरलं होतं. तिकडच्या बँकेला तपासायला पाच कामकाजाचे दिवस असतात, आणि नाकारायचं तर सगळ्या चुका एकाच दमात सांगाव्या लागतात. तिनं चौथ्या दिवशी एकच चूक कळवली. तेवढी पुरली.

नेमके तेव्हाच सुताचे भाव उतरलेले. एरवी गिऱ्हाईक अशा एका दिवसाकडे काणाडोळा करतं. भाव पडले की त्याला नियम आठवतात. किलोमागे सूट मागितली. घासाघीस दोन आठवडे चालली, तिकडे बंदरात कंटेनरचं भाडं चढत होतं. शेवटी मागितलेल्याच्या निम्मी सूट देऊन सुटका झाली. वर डिस्क्रेपन्सीची फी डॉलरमध्ये कापून घेतली ती वेगळीच.

पुढच्या खेपेला तो एलसीचा कच्चा मसुदाच घेऊन आला. 44 सी भोवती पेननं गोल केलेला होता.