आजोबांचा शब्द, नातवाची सही

शिपाई घरात येऊन बसलेत. खातात-पितात, सामान मोडतात, रात्री ढोल बडवून घरच्यांना झोपू देत नाहीत. घरधन्यानं कॅथलिक होत असल्याची सही केली की मुक्काम हलतो. १६८१पासून फ्रान्समधल्या अनेक प्रॉटेस्टंट कुटुंबांनी हा पाहुणचार सोसला.

शिपाई चौदाव्या लुईचे. त्याच्या आजोबांनी, चौथ्या हेन्रीनं, १५९८मध्ये नान्तच्या आज्ञापत्रानं प्रॉटेस्टंटांना उपासनेची मुभा दिली होती. ‘कायमचं आणि न फिरवता येणारं’ असंच त्यात लिहिलं होतं. पण हेन्रीनं शब्दाबरोबर त्यांना संरक्षणासाठी तटबंदीची गावंही दिली होती. १६२९मध्ये ती गेली आणि हाती नुसता कागद उरला. १६८५मध्ये नातवानं तोही फाडला. कारण काय, तर बहुतेक प्रॉटेस्टंट कॅथलिक झालेच आहेत, मग आज्ञापत्र हवंय कशाला!

इकडे हिंदुस्थानात अकबरानं १५६४मध्ये बिगरमुस्लिमांवरचा जिझिया कर उठवला आणि पणतू औरंगजेबानं १६७९मध्ये पुन्हा बसवला. अकबराच्या मानेवर कुणाची तलवार नव्हती, हा हेन्रीहून फरक. जिझियाच्या पायऱ्या तीन: वर्षाला १२, २४ आणि ४८ दिरहम. सर्वांत खालची पायरी म्हणजे मजुराची सुमारे महिन्याची कमाई, म्हणजे गरिबालाच जास्त बोचणारी. शिवाजी महाराजांच्या नावे असलेल्या फारसी पत्रात या कराचा निषेध आहे आणि बादशहाला त्याच्याच पणजोबांची आठवण करून दिलेली आहे.

लुई आणि औरंगजेब समकालीन, म्हणून दोघांना एकाच माळेत ओवण्याचा मोह होतो. मला ते पटत नाही. औरंगजेबाच्या उत्तरकाळात वरच्या मनसबदारांत सुमारे एकतृतीयांश हिंदू होते, अकबराच्या काळाहून जास्त; त्यात मराठेही बरेच. जिझिया हा दुय्यम ठरवणारा, अपमानाचा कर खरा, पण तो भरून माणूस आपल्या धर्मात राहू शकत होता. लुईला प्रॉटेस्टंट उरायलाच नको होते. त्यांच्या पाद्र्यांना त्यानं देशाबाहेर काढलं आणि बाकीच्यांना मात्र देश सोडायला बंदी घातली.

तरीही सुमारे दोन लाख माणसं निसटली. विणकर, घड्याळजी, व्यापारी. जर्मनीतल्या ब्रांडेनबुर्गचा शासक स्वतः कॅल्विनपंथी, म्हणजे या निर्वासितांच्याच पंथाचा; प्रजा बहुतांशी लुथरपंथी. त्यानं काही आठवड्यांतच आमंत्रणाचा हुकूम काढला: ओस पडलेली घरं घ्या, डागडुजीचं सामान घ्या, काही वर्षं कर देऊ नका. १७००च्या सुमारास तिथल्या राजधानीतला, बर्लिनमधला जवळपास दर पाचवा माणूस फ्रेंच होता.