चाके नसलेली गाडी

वळसंगच्या काळ्या रानात चांगला पाऊस झाला, की पुढचे काही दिवस बैलगाडी रानात घालीत नाहीत. लोखंडी धाव चढवलेली अरुंद चाके चिखलात रुततात, आऱ्यांमधल्या फटी चिखलाने भरतात आणि रिकामी गाडीही बैलांना जड होते. आता ढेकळे फोडायची लाकडी फळी पाहा. तिला चाके नसतात. वजनाला म्हणून तिच्यावर एखादे पोर बसवले, तरी भुसभुशीत मातीत ती रुतत नाही. वरच्यावर घसरत जाते. चाक हा माणसाचा फार मोठा शोध खरा, पण चाकाला खाली टणक जमीन लागते.

अशीच एक चाके नसलेली गाडी फिनलंड, कॅनडा, अमेरिकेतील मिनेसोटा अशा थंड मुलखांतले लोक घरच्या घरी बनवतात. कशासाठी? तर गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला जाण्यासाठी! आता तुम्ही म्हणाल, तळे गोठल्यावर मासे कुठून येणार? पण पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. त्याहून थंड झालेले पाणी हलके होऊन वरच राहते आणि तेथेच गोठते. बर्फ पाण्यावर तरंगतो, त्यामुळे बर्फाच्या झाकणाखाली पाणी पातळच राहते आणि मासे जिवंत राहतात. कोळी मोठ्या गिरमिटाने बर्फाला भोक पाडतो आणि त्यातून गळ सोडतो.

या उद्योगाला सामान पुष्कळ लागते. गिरमिट, पहार, गळाच्या आखूड काठ्या, वारा अडवायला लहानसा तंबू, शेगडी, बसायला डबा असे चाळीस-पन्नास किलो सहज होतात. ते पाठीवर घेऊन भुसभुशीत हिमातून चालायचे म्हणजे पाय गुडघ्यापर्यंत आत जाणार. म्हणून घसरगाडी.

घसरगाडी का रुतत नाही, याचे थोडे गणित करू. जुन्या, टाकून दिलेल्या दोन लाकडी स्की घ्या. स्की म्हणजे टोकाशी वर वळवलेली लांब, अरुंद फळी. प्रत्येक स्कीचा जमिनीला टेकणारा भाग १५० सेंमी लांब आणि ७ सेंमी रुंद धरला, तर दोन्हींचे मिळून क्षेत्रफळ २,१०० चौरस सेंमी होते. सामान ५० किलो आणि गाडी १० किलो, म्हणजे भार ६० किलो. एका चौरस सेंटिमीटरवर भार पडला जेमतेम २९ ग्रॅम. याउलट ६० किलो वजनाचा माणूस चालताना एका बुटावर उभा असतो, तेव्हा सुमारे २०० चौरस सेंमी जागेवर तेवढाच भार पडतो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ३०० ग्रॅम. दहापट! गाडी वर राहते आणि तिला ओढणारा मात्र रुततो, तो यामुळे.

बांधणी सोपी आहे, पण काही खुब्या आहेत. दोन स्की समांतर ठेवून त्यांच्यावर १५ सेंमीच्या आसपास उंचीचे लाकडी पाय बसवतात. पाय फार ठेंगणे केले, तर गाडीचे पोट हिमाला घासते. फार उंच केले, तर गाडी कलंडते. स्की मधोमध किंचित कमानदार असते, म्हणून एकच पाय मध्यभागी न लावता पुढे एक आणि मागे एक लावतात. भार पडला की कमान सपाट होऊन स्की सगळीकडे सारखी टेकते. स्क्रूचे टोक तळातून बाहेर डोकावता कामा नये, नाहीतर ते नांगराच्या फाळासारखे बर्फ उकरीत जाईल. पायांवर आडव्या पट्ट्या ठोकायच्या आणि त्यांच्यावर खोका घट्ट बांधायचा. जड सामान तळाशी आणि मध्यापासून जरासे मागे ठेवायचे, म्हणजे पुढची टोके हिमात न घुसता वर राहतात.

आता दोरी. ती किती लांब असावी? गाडी कोरड्या मातीवर असेल, तर घर्षणांक ०.६ च्या घरात असतो. ५० किलो ओढायला ३० किलो वजन उचलण्याइतके बळ लागते. हिमावर मेण लावलेल्या स्कीचा घर्षणांक ०.०५ इतका खाली येऊ शकतो, मग अडीच किलोचे बळ पुरते. आणि येथे एक गंमत आहे. कमीत कमी बळ लागावे म्हणून दोरी जमिनीशी ज्या कोनात हवी, त्या कोनाचा टॅन घर्षणांकाइतका असतो. म्हणजे मातीवर दोरी ३१ अंश तिरकी धरणे फायद्याचे, कारण भार थोडा उचलला जातो आणि घर्षण घटते. हिमावर मात्र दोरी जवळजवळ आडवी, ३ अंशांची हवी. कंबरेला बांधलेली दोरी एकच मीटर असेल, तर कोन ४५ अंशांच्या जवळ जातो आणि जवळपास एक-तृतीयांश बळ जास्त लागते. तीन मीटर दोरीने हा तोटा नगण्य होतो. लांब दोरीचा दुसरा फायदा जिवाशी निगडित आहे. माणसाचे आणि सामानाचे वजन बर्फावर एकाच जागी पडत नाही. तरीही घसरगाडीच्या भरवशावर पातळ बर्फावर जाणे हा वेडेपणाच. पायी जाणाऱ्यालासुद्धा निदान १० सेंमी जाडीचा स्वच्छ, टणक बर्फ हवा, असे तिकडे सांगतात. उतारावर मात्र दोरीने घात होतो, कारण गाडी मागून येऊन टाचांवर आदळते. म्हणून काही जण दोरीऐवजी दोन ताठ काठ्या लावतात.

बर्फ इतका निसरडा का? सोलापूरच्या उन्हाळ्यात बर्फाची लादी आकड्याने ओढून नेताना तुम्ही पाहिली असेल. एवढी जड लादी कशी सुळकन सरकते! अनेक पुस्तकांत लिहिलेले असते, की दाबामुळे बर्फ वितळतो आणि पाण्याचा थर तयार होतो. हे उत्तर तपासून पाहा. बर्फाचा वितळणबिंदू एका अंशाने खाली आणायला वातावरणाच्या सुमारे १३० पट दाब लागतो. आपल्या गाडीचा दाब वातावरणाच्या छत्तिसाव्या हिश्श्याएवढाही नाही! तेव्हा हे उत्तर येथे लागू पडत नाही. १९३९ साली बाउडन आणि ह्यूज यांनी प्रयोगांवरून दाखवले, की घासल्याने निघणाऱ्या उष्णतेमुळे बर्फ किंचित वितळतो. शिवाय बर्फाच्या अगदी वरच्या थरातले रेणू आतल्या रेणूंइतके घट्ट बांधलेले नसतात, तो थर द्रवासारखा वागतो. असा थर असावा, हे मायकेल फॅरडे यांनी १८५० मध्येच सुचवले होते. म्हणूनच थांबलेली गाडी बर्फाला चिकटून बसते. ओढण्यापूर्वी तिला बाजूने एक हिसका द्यावा लागतो.

आपल्याकडे बर्फ नाही, पण गाळ आहे. उजनीचे पाणी उन्हाळ्यात मागे सरते, तेव्हा काठाला गाळाचे रुंद पट्टे उघडे पडतात. काही ठिकाणी त्यांवर गाळपेरही होते. इंग्लंडच्या सॉमरसेट किनाऱ्यावर कोळी लाकडी घसरगाडीवर छाती टेकून, पायांनी रेटा देत, चिखलातून जाळ्यांपर्यंत जात. जपानच्या आरिआके उपसागरात एका फळीवर गुडघा टेकून दुसऱ्या पायाने ढकलत जातात.

तुम्ही हे शाळेत करून पाहा. बांबूचा दोन हात लांब तुकडा मधोमध उभा चिरा, की दोन धावपट्ट्या मिळतील. त्यांची पाठ खाली ठेवून पुढची टोके तासा, वर पत्र्याचा डबा बांधा आणि त्यात दोन किलो वाळू भरा. प्रयोगशाळेतला ताणकाटा दोरीला अडकवून गाडी कोरड्या मैदानावर, ओल्या शहाबादी फरशीवर आणि पाण्याने पातळ केलेल्या चिखलात ओढा. मग बांबूवर मेणबत्ती घासून पुन्हा ओढा. काळी माती अर्धवट वाळून चिकट झाली असेल, तर तेथेही ओढून पाहा. तेथे गाडी हटून बसेल आणि काटा चांगलाच ताणेल, कारण पाण्याचा थर नाही आणि चिकण माती बांबूला धरून ठेवते. त्याच चिकट चिखलात खेळण्यातली चाकांची गाडीही तेवढीच वाळू भरून ओढा, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवा.